ऑनलाइन रिहॅब : सीओपीडी, हृदय, पक्षाघात... अनुभव लिहा

प्रतापनगर_ताई
आज कूलरच्या ताट्या काढल्या आणि वुडवूलच्या वासानं बाबांच्या सीओपीडीचे (फुप्फुसांचा जुनाट दम लागण्याचा आजार) ऑनलाइन व्यायाम आठवले. फिजिओ व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून घेतात, तेच हे रिहॅब. म्हणून हा धागा.

सुरुवात फोनपासून. तो हातात धरायचा नाही. खुर्चीपासून सात-आठ फुटांवर, कमरेच्या उंचीला, आडवा, डब्याला टेकवून ठेवा. पेशंट डोक्यापासून पावलांपर्यंत दिसला पाहिजे. दम लागला की आधी खांदे वर चढतात, फिजिओ तेच बघत असतात. पाठीमागे खिडकी असेल तर नुसती काळी आकृती दिसते. खुर्ची भिंतीला टेकवलेली, बिनहाताची. प्लास्टिकची फरशीवर सरकते, ती नको.

मानेवाडा४४
ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावल्या लावल्या आकडा वाचू नका, अर्धा-एक मिनिट बोट स्थिर राहू द्या. नेलपॉलिश, मेंदी, गार बोटं, सगळ्यांनी आकडा चुकतो. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली नसेल तर ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबायचं. बसून पुढं झुका, कोपरं मांडीवर. नाकानं दोन मोजत श्वास आत, ओठांचा चंबू करून चार मोजत बाहेर. फुंकर जोरात मारायची नाही, त्यानं दम आणखी वाढतो.

सदरवाली
पंप (इन्हेलर) व्यायामाच्या आधी का नंतर?

मानेवाडा४४
आधी. साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) लिहून दिलं असेल तर व्यायामाच्या १५-२० मिनिटं अगोदर. स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. आणि रोटाकॅप्सूल (यंत्रात घालून ओढायच्या पावडरची कॅप्सूल) गिळायची नसते जी, अजूनही लोक गिळतात!

इतवारी_दादा
सगळ्यांना एक कळकळीची विनंती. पलीकडून "कसं वाटतंय?" विचारलं की "बरं आहे" म्हणू नका, आकडा सांगा. बोर्गची पट्टी म्हणजे दम किती लागला ते सांगायचे आकडे, ० (अजिबात नाही) ते १० (जास्तीत जास्त), व्यायामात दम ३-४ च्या आसपास हवा. "बरं आहे" ऐकलं की समोरचा वजन वाढवतो. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, मग नाडी बघून जोर ठरवता येत नाही, बोर्गचाच आकडा कामाचा.
वजनाला एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, भरली की एक किलो.

सदरवाली
हो ना, आमच्या सासूबाई कायम "बरं आहे"च म्हणतात. 🙏

धंतोली_मावशी
पक्षाघात असेल तर कॅमेऱ्यासमोर एकट्याला उभं करू नका. घरातलं माणूस कमजोर बाजूला उभं राहील. उठवताना दंड धरून ओढलं की खांदा निसटतो, कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं, नाक पायाच्या बोटांच्या पुढं येईस्तोवर झुकायचं, मगच उठायचं. न झुकता उठलं की माणूस मागं पडतो.

वर्धारोड
दमश्वास किती सुधारला ते बघायच्या सहा मिनिटं चालायच्या चाचणीला ३० मीटरचा सरळ व्हरांडा लागतो, फ्लॅटमध्ये कुठून आणणार? त्याऐवजी एक मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठबस होते ते मोजा. पहिल्या दिवशी आणि कोर्स संपताना. खुर्ची तीच, हात छातीवर.

इन्सुलिनवाल्यांनी आधी साखर तपासा. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन बसा. पण पोटभर तर्री-पोह्यांवर लगेच व्यायाम नको, तासभर जाऊ द्या.

प्रतापनगर_ताई
मे महिन्यात सकाळी ६ चंच सत्र मागून घ्या बाप्पा. दुपारी कूलर बंद केला तर उकाडा, चालू ठेवला तर त्याच्या आवाजात सूचना ऐकू येत नाहीत.

धंतोली_मावशी
ताई, ताट्या नवीन लावल्या का? जुन्या वुडवूलला बुरशी धरते, दम्याच्या माणसाला तोच वारा थेट लागतो.

प्रतापनगर_ताई
नवीनच आणल्या. टाकी आठवड्याला रिकामी करून घासून पुसते, डासांची अंडी कडेला चिकटून राहतात.

सदरवाली
खस चालेल का?

धंतोली_मावशी
उग्र वासानं खोकला येत असेल तर नको. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार ताटी) लावा, धुता येतं. पण कूलरच्या पंपाची जाळी साफ ठेवा, आपलं पाणी जड, क्षार साचले की वरची बाजू कोरडीच राहते.