एडसॅकच्या पाऱ्याच्या नळ्या: तापमानाचा एवढा बाऊ का?

प्रश्न: मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक या संगणकात (केंब्रिज, १९४९) पाऱ्याच्या नळ्यांत आकडे साठवत. द्रवात आकडा टिकतो कसा? तापमान का सांभाळायचं?

उत्तर १: टिकत नाही, फिरत राहतो. एका टोकाचा क्वार्ट्झ स्फटिक विद्युत स्पंदाचा ध्वनी करतो. दीडेक मीटर पारा ओलांडायला त्याला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पलीकडचा स्फटिक पुन्हा स्पंद बनवतो, व्हॉल्व्ह (इलेक्ट्रॉनिक निर्वात नळ्या) तो ताजा करून पहिल्या टोकाला धाडतात. नळीत एकावेळी ५७६ बिट (० किंवा १ हे अंक)!

उत्तर २: खरी गोम तिथेच. पारा एक अंश तापला की ध्वनीचा वेग सुमारे ०.०३ टक्के घटतो. ५७६ बिटांच्या रांगेत हा फरक जवळपास एक षष्ठांश बिट. तीन अंशांत ठोका चुकतो, बिट भलत्याच जागी वाचला जातो.

उत्तर १: नळीची मापं विल्क्सना थॉमस गोल्ड यांनी दिली, हेही नोंदवायला हवं. गोल्ड यांचा अनुभव रडारचा.