मदत हवी आहे: संपादनाच्या कोर्सला सांकेतिक भाषेचे दुभाषी, स्क्रीन रीडर आणि माझा माउस

नमस्कार मंडळी, आम्ही ध्वनी आणि व्हिडिओ संपादनाचा कोर्स घेतो. या बॅचला दोन कर्णबधिर आणि एक अंध विद्यार्थी आहेत.

मागच्या वेळी फजिती झाली. नोट्स स्कॅन करून पीडीएफ पाठवल्या, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते नुसतं चित्र! त्या बॅचची अंध विद्यार्थिनी आठवडाभर गप्प होती, आम्हाला वाटलं जमतंय. आता सगळं युनिकोडमध्ये टाइप केलंय, स्लाइडवर अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्टही किमान ४.५:१ ठेवलाय.

खरं अडलंय ते शिकवण्यात. मी बोलता बोलता माउस फिरवतो, "हे इथून कापा" म्हणतो. कर्णबधिर मुलांनी दुभाष्याकडे बघायचं की टाइमलाइनकडे? आधी सांगून, थांबून, मग करून दाखवावं का? त्यात वेळ दुप्पट जाईल. शिवाय दुभाषी दोन लागतात, दर २०-३० मिनिटांनी आलटून पालटून. बजेट एकाचंच धरलं होतं, असो.

अंध विद्यार्थ्यासाठी रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर आणि त्यावर ओसारा (ते स्क्रीन रीडरने वापरता यावं म्हणून असलेली जोडणी) बसवलंय, ध्वनीचं काम कीबोर्डवर होतं. पण व्हिडिओच्या रंगसुधारणेच्या असाइनमेंटचं काय? माफ करणं मला पटत नाही, त्याला ते सवलतीचे गुण वाटतील. बदली काम कोणतं द्यावं? कोणी असं शिकवलंय किंवा स्वतः शिकलंय का?