मदत हवी आहे: सामूहिक वनहक्काच्या जंगलात रोपवनाची आखणी, ग्रामसभेनं पुढं काय करावं?

नमस्कार. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे गावाच्या जंगलावरच्या हक्काचा कागद, मिळालेला आहे. ग्रामसभेनं कुऱ्हाडबंदी केली आणि पाळीनं राखण लावली. उतारावर पूर्वी नुसते खुंट उरले होते, तिथं आता ऐन, धावडा, बीजा फुटून वर आलेत. एका खुंटाला सात-आठ धुमारे येतात. त्यातले दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटायचे, एवढंच करावं लागतं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची पद्धत होती. ती आग पुढं सरकली की चाराची (चारोळीच्या झाडाची) आणि मोहाची लहान रोपं जळून जायची. आता बायांनीच ठरवून पाला झाडायला सुरुवात केली आहे.

याच उतारावर एका सरकारी कार्यालयानं रोपवन मंजूर केलंय. सागाची लागवड आहे, त्यासाठी झुडपं साफ करायची आणि खड्डे खणायचे. चुन्यानं आखणीही झाली. ग्रामसभेला कुणी विचारलं नाही. कागद मागितला तर त्यावर वनविभागाच्या योजनेतल्या जुन्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीची सही निघाली, ग्रामसभेची नाही. ज्याला ते झुडूप म्हणतात त्यात आमचा तेंदू आहे, चार आहे.

मी वाचलं त्यानुसार वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(झ) नुसार जंगल राखण्याचा, पुन्हा उभं करण्याचा आणि त्याच्या व्यवस्थापनाचा हक्क गावाचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम ४ नुसार ग्रामसभेची समिती आराखडा करते आणि वनविभागाच्या आराखड्याशी त्याची सांगड घालते. पण भरपाई वनीकरण निधीच्या (जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला दिली की त्या बदल्यात झाडं लावायचा निधी) २०१८ च्या नियमांत 'ग्रामसभा किंवा वन व्यवस्थापन समिती' यांच्याशी सल्लामसलत असं लिहिलंय. या 'किंवा'च्या आधारानं पट्टा मिळालेल्या गावात जुन्या समितीची सही चालते का? माझ्या मते चालू नये, पण अधिकाऱ्यासमोर नुसतं मत सांगून भागत नाही.

खरी अडचण गावातलीच आहे. खड्ड्यांची मजुरी मिळणार म्हणून भूमिहीन घरं आखणीच्या बाजूनं आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो, मग पोट कशावर भरायचं? त्यांना नुसतं 'नको' म्हणून थांबवायचं मला पटत नाही. रायमुनिया (घाणेरी) उपटणं, वणवा अडवायला जाळरेषा काढणं, धुमारे छाटणं, पाणी अडवायला दगडी बांध घालणं ही सगळी मजुरीचीच कामं आहेत.

म्हणून विचारतो. आमचा व्यवस्थापन आराखडा अजून अर्धवट आहे, तरी आधी ठराव करून काम थांबवता येईल का, की आराखडा जोडल्याशिवाय ठरावाला वजन येत नाही? ठराव वनहक्काच्या जिल्हास्तरीय समितीकडे द्यायचा की उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत पाठवायचा? आणि वरची कामं रोजगार हमीत ग्रामसभेला काम राबवणारी यंत्रणा धरून कुणी करून घेतली आहेत का? आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतःच्या हाती घेतले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर तेंदूपत्ता तोडणं थांबवून बांबूवर भर दिला. आमच्याकडे बांबू फार थोडा आहे, त्यामुळं बांबू नसलेल्या गावांचा अनुभव जास्त उपयोगी पडेल.

कुणाकडे मंजूर झालेल्या ठरावाचा मजकूर असेल तर गावाचं नाव काढून इथंच टाका. पुढच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवायचा आहे, आणि खड्डे पाऊस लागायच्या आधी सुरू होतील.