काळ्या छताखाली कार्यालय अंधारे का वाटते?

प्रश्न: आमच्या पुण्यातील कार्यालयात फॉल्स सीलिंग काढून वरचा स्लॅब, डक्ट आणि पाइप यांना काळा मॅट रंग दिला, तर एक लांब भिंत गडद राखाडी केली. दिवे तेच असून टेबलावर सुमारे ४५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) मिळतात. तरीही अंधारल्यासारखे वाटते आणि दिवे डोळ्यांवर येतात, अशी सहकाऱ्यांची तक्रार आहे. दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे?

उत्तर: दोन्हींचे मूळ एकच आहे. खाली रोखलेल्या दिव्यांचा प्रकाश टेबलावर थेट पडतो, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फारसा फरक दिसत नाही. मात्र बसलेल्या माणसाची नजर मुख्यतः भिंतींवर आणि छतावर असते, आणि काळ्या पार्श्वभूमीवर तेच दिवे अधिक प्रखर भासतात. युरोपीय मानक छतासाठी ०.७ ते ०.९ आणि भिंतींसाठी ०.५ ते ०.८ परावर्तन (पडलेल्या प्रकाशापैकी परत फेकला जाणारा हिस्सा) सुचवते. काळा मॅट रंग त्याच्या जवळपासही जात नाही.

दुसरे उत्तर: भिंतीचे परावर्तन स्वतः मोजता येते. मीटर भिंतीला टेकवून खोलीकडे तोंड करून वाचन घ्यावे, मग तो भिंतीकडे वळवून, स्वतःची सावली न पडू देता, थोडा मागे आणावा. दुसऱ्या वाचनाला पहिल्याने भागावे.

प्रश्नकर्ता: छत पुन्हा रंगवण्यास व्यवस्थापन तयार नाही. भिंत बदलून भागेल का?

उत्तर: बऱ्याच अंशी भागेल. रंग फिका, पण मॅटच घ्यावा, कारण चकचकीत भिंतीत दिव्यांची प्रतिबिंबे दिसतात. भिंतीवर प्रकाश टाकणारे दिवे जोडता आले तर उत्तम. केवळ वॅट वाढवल्यास डोळ्यांवर येणारी तिरीप तेवढी वाढेल.