पासवर्ड बदलला म्हणजे घुसखोर बाहेर गेला असे नाही

क्लाउड खात्यात घुसखोरी झाल्याचे कळताच सर्वप्रथम पासवर्ड बदलावा, हा नेहमी दिला जाणारा सल्ला चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे. जून 2014 मध्ये कोड स्पेसेस या सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) सांभाळणाऱ्या कंपनीने ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या कंट्रोल पॅनेलचे पासवर्ड बदलले खरे, पण खंडणी मागणाऱ्या हल्लेखोराने स्वतःसाठी आणखी काही लॉगिन आधीच तयार करून ठेवलेले होते, आणि आपल्याला हुसकावले जात आहे हे लक्षात येताच त्याने सर्व्हर, स्नॅपशॉट (डिस्कची त्या त्या क्षणी घेतलेली प्रत) आणि बॅकअपसुद्धा पुसायला सुरुवात केली. बहुतेक बॅकअप त्याच खात्याच्या आवाक्यात होते, हे खरे दुखणे. कंपनीला टाळे लागले.

म्हणून पासवर्डबरोबरच अनोळखी युजर, ॲक्सेस की (प्रोग्रॅमला पासवर्डशिवाय आत घेणारे गुप्त कोड), चालू सेशन (आधीच उघडलेली लॉगिन) आणि मेल परस्पर बाहेर पाठवणारे नियम शोधून रद्द करावेत, आणि बॅकअपची एक प्रत संपूर्णपणे वेगळ्या खात्यात ठेवावी. दोन टप्प्यांची पडताळणी तर हवीच (एसएमएसपेक्षा हार्डवेअर की, म्हणजे ओळख पटवणारे छोटे उपकरण, केव्हाही बरी). लहान कचेऱ्यांत मालक, हिशेबनीस आणि बाहेरचा वेबसाइटवाला असे सगळेच अनेकदा एकच रूट लॉगिन (सर्व अधिकार असलेले मुख्य खाते) वापरतात. तिथे कोणी काय केले हे लॉग (कामांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) पाहूनही कळत नाही, त्यामुळे प्रत्येकाला कामापुरत्या अधिकारांचे स्वतंत्र खाते द्यावे.