पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी थांबावे

उड्यांच्या सरावानंतर लंगडणाऱ्या घोड्याचा एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून या आठवड्यात पुन्हा सराव सुरू करणार असल्याचे आपण वर लिहिले आहे. कृपया तसे करू नका. हाडातली केसासारखी बारीक चीर सुरुवातीला बरेचदा दिसतच नाही. तिच्या कडांचे हाड थोडे विरल्यावर, साधारण १० ते १४ दिवसांनी, रेघ उमटते.

आमच्या पेडण्यातल्या घोडीचे असेच झाले. चिऱ्यांच्या अंगणात दुडक्या चालीने वळताना ती डोके झटकायची, आणि फेटलॉकला, म्हणजे खुराच्या वरच्या मोठ्या सांध्याला, हात लावला की ऊब जाणवायची. चीर सापडली ती बाराव्या दिवशी, तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रात. म्हणून समोरून, बाजूने आणि दोन्ही तिरप्या कोनांतून अशी चारही चित्रे मागून घ्या. स्नायुबंधांसाठी सोनोग्राफी चांगली, मात्र कूर्चेखालचे हाड आतून दुखावले असेल तर ते एमआरआयमध्येच नीट कळते.

तोवर घोड्याला तबेल्यातच ठेवा. चिरेची शंका असताना नस बधिर करून तपासणे धोक्याचे आहे, कारण वेदना थांबताच घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकतो आणि चिरेचे रूपांतर मोडलेल्या हाडात होऊ शकते.