मदत हवी आहे: आयरिश चेनचं क्विल्टिंग हाताने करू की मशीनवर? दुसरं काम पण सुरू करायचंय

नमस्कार मंडळी, आईसाठी सिंगल आयरिश चेन (तिरप्या साखळ्यांच्या नक्षीची गोधडी) करतेय, वरचा थर शिवून झालाय, आता क्विल्टिंग म्हणजे तिन्ही थर टाक्यांनी एकत्र शिवणं बाकी आहे. ३ इंची तुकड्यांचा नाइन पॅच (नऊ तुकडे जोडून केलेला चौकोन) आणि त्याला लागून ९ इंचाचा कोरा पांढरा चौकोन, असे एकाआड एक, साखळ्या गडद हिरव्या. शिवणी सगळ्या हिरव्याकडे दाबून इस्त्री केल्यात. बॅटिंग (मधला भरावाचा थर) ८०-२० म्हणजे कॉटन आणि पॉलिएस्टरचं, तिन्ही थर एकावर एक घालून तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना पण लावून झाल्यात. आणि इथेच गाडी अडलीय.

बॅटिंगच्या पाकिटावर लिहिलंय की टाक्यांच्या दोन ओळींत ४ इंचापेक्षा जास्त अंतर नको. मला आधी वाटलं होतं साखळीच्या मधोमध तिरप्या रेघा माराव्यात, पण मोजून बघितलं तर दोन साखळ्यांमध्ये जवळजवळ पावणेतेरा इंच जागा मोकळी राहते, म्हणजे कोऱ्या चौकोनात काहीतरी करणं भागच आहे. आणि खरं सांगायचं तर तोच भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याने केलेली नक्षी उजेड तिरपा पडला की काय उठून दिसते! त्यामुळे तिथे नुसत्या रेघा मारायला जीव होत नाही, गोल वेल काढावीशी वाटते. फ्री मोशन (कापड हाताने फिरवत मशीनवर नक्षी काढणं) मला अजून एवढं सफाईदार जमत नाही, म्हणजे ती वेल हातानेच करावी लागेल आणि ते काही झटपट होणारं काम नाही.

आता खरी गोची. दुसरं काम पण डोक्यात पक्कं आहे, फ्लाइंग गीजच्या (ओळीत मांडलेल्या त्रिकोणांच्या नक्षीच्या) उभ्या पट्ट्या, कापड कापून तयार आहे. त्याला मशीनवर पाव इंचाचा फूट (पाव इंचावर नेमकी शिवण घालायचा मशीनचा पाय) आणि २ मिमीचा टाका लागतो, आणि आयरिश चेन मशीनवर घेतली तर वॉकिंग फूट (सगळे थर एकसाथ सरकवणारा पाय), ९०/१४ ची सुई, ३ मिमी टाका, धागा वेगळा. दर वेळी बदलाबदली केली की पाव इंच नेमका तोच येईल याची खात्री राहत नाही, आणि गीजमध्ये ते चालतच नाही. शिवण एक बत्तिसांश इंच जास्त गेली तरी दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सोळांश जातं, तसे १६ जोड झाले की पट्टी चक्क १ इंच आखूड.

म्हणून विचारतेय, पहिलं पूर्ण हाताने करून मशीन गीजसाठी मोकळं ठेवू का? की आधी मशीनवर हे संपवू आणि मगच दुसऱ्याला हात लावू? आईच्या रोजच्या वापरातलं आहे, धुतलं जाणार, त्यामुळे टिकायला पण हवं.

प्रतिसाद १:
दोन्ही करा की! शिवणी एका बाजूला दाबल्यात हे फार बरं झालं, आता प्रत्येक कोऱ्या चौकोनाच्या कडेने वॉकिंग फूटने स्टिच इन द डिच (जोडाच्या शिवणीला लागूनच टाके) मारून घ्या. शिवणीची जी बाजू खाली बसलीय तिकडून, म्हणजे पांढऱ्यावरून सुई जाऊ द्या, टाका दिसत पण नाही. मधून सुरुवात करा आणि कडेकडे जा. एवढं झालं की तिन्ही थर हलायचे थांबतात, पिना काढून टाकता येतात आणि वॉकिंग फूट कायमचा उतरवून पाव इंचाचा चढवायचा. मग दिवसा गीज मशीनवर, संध्याकाळी कापड ताणून धरायची रिंग मांडीवर घेऊन वेल. फक्त वेलीचे टाके चौकोनभर नीट पसरू द्या, कोपऱ्यांत मोकळं राहिलं तर ४ इंचाचं गणित परत बिघडेल. नाइन पॅचमध्ये तिरप्या रेघा हातानेच घाला, तिथे आखायची पण गरज नाही, तुकड्यांचे कोपरेच रस्ता दाखवतात.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. खुणा कशाने करताय? पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणांवर इस्त्री फिरवू नका, डाग पक्का बसतो. आणि उष्णतेने जाणारी पेनं पांढऱ्यावर मी तरी वापरणार नाही, थंडीत त्या रेघा परत उमटू शकतात. साधं हेरा मार्कर घ्या, नुसती दाबून रेघ पडते, पण एका वेळी एकाच चौकोनापुरती आखा कारण हाताळून ती पुसट होते.

धागाकर्ती:
डिच आधी मारून पिना काढायच्या हे सुचलंच नव्हतं, खूप खूप आभार! हेरा मार्कर आहे माझ्याकडे. उद्या वॉकिंग फूट लावते. आता एकच सांगा, वेलीला नेहमीचा हॅन्ड क्विल्टिंगचा धागा घेऊ की ८ नंबरचा पर्ल कॉटन (जाडसर पिळाचा धागा) घेऊन मोठे टाके घालू? मोठे टाके भराभर होतील, पण पांढऱ्यावर पांढरी नाजूक वेल त्यात जाड दिसेल अशी धास्ती वाटतेय. कोणी दोन्ही करून बघितलं असेल तर फोटो टाका प्लीज.